मूत्रपिंडाचा निरोप

“आमच्या ह्यांना ब्लडप्रेशर आहे हो!” हे वाक्य तुमच्या कानांवर कितीदा तरी आले असेल. खरे म्हणजे ब्लडप्रेशर, अर्थात रक्तदाब, ज्याला नाही असा माणूस हयातच नसतो. पण आपण तो वाढला म्हणजेच त्याची आठवण काढतो. डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, छातीला नळी लावतात, आणि घरची मंडळी धास्तावून विचारतात, “हार्टचं काही नाही ना?” संशय जातो तो हृदयावर. पाठीमागे, बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या दाण्यासारखी जी दोन मूत्रपिंडे निमूटपणे काम करीत असतात, त्यांच्यावर संशय घ्यावा हे कोणाच्या मनातही येत नाही. शास्त्रज्ञांच्या मनातही ते फार उशिरा आले, आणि आल्यावर ते विसरूनही गेले. त्या विसरण्याची आणि पुन्हा आठवण्याची ही हकीकत आहे.

संशयाची पहिली चाहूल लागली ती लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये. तेथील रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने १८३६ मध्ये मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या शंभर हकिकती प्रसिद्ध केल्या. मरणोत्तर तपासणीत त्याला पुन्हा पुन्हा एक गोष्ट आढळे: मूत्रपिंडे आक्रसलेली आणि हृदय मात्र वाढलेले. मूत्रपिंड बिघडले तर हृदयाने का वाढावे? त्या काळी रक्तदाब मोजण्याचे साधन दवाखान्यात नव्हते. तरीही ब्राइटने तर्क केला की, बिघडलेले रक्त एक तर हृदयाला डिवचत असावे, नाही तर बारीक रक्तवाहिन्यांतून त्याला नीट वाट मिळत नसावी. तर्क मोठा मार्मिक होता. पण तर्कच.

पुढचे पाऊल पडायला साठ वर्षे लागली. मधल्या काळात १८८९ मध्ये पॅरिसला एक वेगळाच प्रकार घडला. ब्राउन-सेकार नावाच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला पुन्हा तारुण्याचा जोम आल्याचे भर सभेत सांगितले. लोक हसले, काहींनी तो अर्क विकायलाही काढला. अर्कात फारसा अर्थ नव्हता. पण शरीरातील इंद्रिये रक्तात काही द्रव्ये सोडतात आणि ती दूरच्या इंद्रियांवर काम करतात, ही जी कल्पना त्यामागे होती ती मात्र मोलाची होती. हसण्यावारी गेलेल्या गोष्टीतून कधी कधी असे होते.

ही कल्पना स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरश्टेट याने गंभीरपणे घेतली. हा मूळचा फिनलंडचा. पेर बर्गमन या विद्यार्थ्याला हाताशी धरून त्याने १८९६-९७ मध्ये सशांवर प्रयोग केले. प्रयोग अगदी साधा. सशाचे मूत्रपिंड वाटायचे, थंड पाण्यात त्याचा अर्क काढायचा आणि तो दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडायचा. दुसऱ्या सशाचा रक्तदाब चढू लागे आणि बराच वेळ चढलेला राही. अर्क उकळून टोचला तर काही होत नसे. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा अर्क काम करी, आतल्या गाभ्याचा जवळजवळ नाही. मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या शिरेतले रक्त टोचले तरी दाब चढे. म्हणजे हे द्रव्य नुसते मूत्रपिंडात साठलेले नव्हते, ते रक्तात सोडले जात होते. टिगरश्टेटने त्याला नाव दिले रेनिन, आणि १८९८ मध्ये निबंध छापला.

लक्षात घ्या, हॉर्मोन हा शब्दच मुळी १९०५ मध्ये स्टार्लिंगने प्रचारात आणला. आज आपण ज्यांना संप्रेरके म्हणतो, त्या जातीचा हा निरोप टिगरश्टेटला त्या जातीचे नामकरण होण्यापूर्वीच सापडला होता.

आणि मग? मग काही नाही! चाळीस एक वर्षे हा निबंध धूळ खात पडला. काहींनी प्रयोग करून पाहिला, तो जमला नाही. कच्च्या अर्कात दाब उतरवणारी द्रव्येही मिसळलेली असत, त्यामुळे आज दाब चढला तर उद्या उतरला असे होई. टिगरश्टेट इतर कामांत गुंतला, बर्गमननेही या विषयाचा पाठपुरावा केला नाही. मला वाटते, कोणी खोडून काढले म्हणून रेनिन विसरले गेले नाही. त्याची कोणाला गरज वाटली नाही म्हणून ते विसरले गेले. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, कठीण झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला तो लागतोच, असा समज तेव्हा पुष्कळ डॉक्टरांचा होता. जो रोगच नाही त्याचे कारण कोण शोधणार?

गरज निर्माण केली ती अमेरिकेत क्लीव्हलंड येथील हॅरी गोल्डब्लाट याने. हा रोगनिदानशास्त्रज्ञ, म्हणजे शवविच्छेदन करणारा माणूस. रक्तदाबाने गेलेल्यांच्या मूत्रपिंडांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या त्याने पाहिल्या होत्या. सगळे म्हणत, दाब वाढल्यामुळे त्या तशा झाल्या. त्याने उलटा प्रश्न विचारला: त्या अरुंद झाल्या म्हणून तर दाब वाढला नसेल? मग त्याने चांदीचा एक चिमुकला चिमटा बनवला. त्याला स्क्रू होता, हवा तेवढा आवळावा. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीवर तो बसवला आणि थोडा आवळला. दाब चढला. दोन्ही बाजूंना बसवला तर चढलेला दाब टिकून राहिला. प्लीहेच्या किंवा मांडीच्या रोहिणीवर तोच चिमटा लावला तर काहीच झाले नाही. हे सर्व १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एकाएकी साऱ्या जगाचे लक्ष मूत्रपिंडाकडे वळले.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. चिमट्याची वार्ता पसरताच काही शस्त्रवैद्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांचे एक मूत्रपिंड काढून टाकायला सुरुवात केली. ज्यांचा बिघाड खरोखर एकाच बाजूला होता अशा थोड्यांना गुण आला. बाकीच्यांचे मूत्रपिंड गेले आणि दाब राहिला. कुत्र्याच्या एका रोहिणीवर आपण मुद्दाम चिमटा लावला होता. माणसाच्या बहुतेक रक्तदाबात तसा एक चिमटा कोठे नसतोच. पण मृत्यूच्या भीतीने घायकुतीला आलेला रोगी आणि हातात नवी कल्पना असलेला डॉक्टर एकत्र आले म्हणजे एवढा विचार कोण करतो?

आणि भीती तरी किती खरी होती पाहा. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये तपासले तेव्हा दाब १८६ वर १०८ निघाला. एका बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख, हवा तो तज्ज्ञ उशाशी. पण उपाय काय, तर विश्रांती, मीठ कमी, आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा दाब ३०० च्या वर होता. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या वैद्यांच्या ओळखीच्या सर्पगंधेचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि त्या मुळीने जगभर अनेकांचा दाब उतरवला. ती वाट मज्जातंतूंची होती. मूत्रपिंडाच्या निरोपाला अडवणारे औषध अजून फार लांब होते, कारण तो निरोप काय आहे हेच कळले नव्हते.

ते कळले दोन शहरांत, जवळजवळ एकाच वेळी. दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आयरीस येथे बेर्नार्दो ऊसाय यांच्या संस्थेत फाशोलो या तरुणाने, चिमटा लावून दाब वाढवलेल्या कुत्र्याचे मूत्रपिंड काढून, मूत्रपिंडे नसलेल्या दुसऱ्या कुत्र्याच्या मानेत जोडले. मानेत! तेथे ना त्याच्या जुन्या नसा, ना जुनी जागा. तरी दुसऱ्या कुत्र्याचा दाब चढला. म्हणजे निरोप रक्तातूनच जात होता. मग ब्राउन-मेनेंदेस, लेलुआर, मुन्योस आणि फाशोलो यांनी दाखवले की रेनिन स्वतः वाहिन्या आवळत नाही. ते एक एन्झाइम, म्हणजे विकर आहे. रक्तातल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडते, आणि खरी करामत त्या तुकड्याची. त्यांनी तुकड्याला म्हटले हायपरटेन्सिन. इकडे उत्तर अमेरिकेत इंडियानापोलिस येथे अर्व्हिन पेज आणि ऑस्कर हेल्मर यांनाही दिसले की, शुद्ध केलेले रेनिन रक्तरसाशिवाय पांगळे आहे. त्यांनाही तोच तुकडा मिळाला. त्यांनी त्याला म्हटले अँजिओटोनिन. हे सारे १९३९-४० मधले.

झाले! एका पोराची दोन बारशी झाली. पुढची अठरा वर्षे एक पक्ष हायपरटेन्सिन लिही, दुसरा अँजिओटोनिन, आणि वाचणाऱ्याने आपली समजूत घालून घ्यावी. अर्जेंटिनातल्या मंडळींवर दरम्यान वेगळेच संकट कोसळले. लोकशाहीची मागणी करणाऱ्या पत्रकावर सही केली म्हणून ऊसाय यांना १९४३ मध्ये विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. चमू पांगला. ऊसाय यांनी खासगी देणग्यांवर नवी प्रयोगशाळा थाटली, आणि १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लेलुआर यांनाही १९७० मध्ये मिळाले. गंमत म्हणजे दोघांनाही ते साखरेवरील कामासाठी मिळाले, रक्तदाबासाठी नव्हे.

नावाचा तंटा मिटला तो १९५८ मध्ये. ब्राउन-मेनेंदेस आणि पेज या दोघांनी मिळून ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक छोटे टिपण छापले. तुमचे अर्धे, आमचे अर्धे: अँजिओ आणि टेन्सिन, मिळून अँजिओटेन्सिन. दोन शोधांपेक्षाही मला ही गोष्ट थोर वाटते. आपल्याकडे एखाद्या शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घावरून पिढ्या भांडतात, तेथे या दोघांनी आपापल्या पोराचे अर्धे नाव सोडले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५९ मध्ये, ब्राउन-मेनेंदेस विमान अपघातात गेले.

आता ही साखळी एकदा नीट मांडू. ऐकताना अशा गोष्टी हातातून निसटतात, वाचताना मागे वळून पाहता येते. यकृत एक प्रथिन रक्तात सोडत असते. मूत्रपिंडातून आलेले रेनिन त्यातून दहा कड्यांचा तुकडा कापते, तो पहिला अँजिओटेन्सिन. तो जवळजवळ निरुपद्रवी. क्लीव्हलंडचे लिओनार्ड स्केग्ज यांनी १९५४ ते १९५६ या काळात दाखवले की, दुसरे एक विकर त्याच्या दोन कड्या छाटते आणि उरलेल्या आठ कड्यांचा दुसरा अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या करकचून आवळतो. तो जगतो फार तर एखाद-दुसरे मिनिट, पण तेवढ्यात काम करून जातो.

पण रेनिन सोडायचे केव्हा, हे मूत्रपिंडाला सांगते कोण? येथे मला आपल्या पाटाच्या पाण्याचा दाखला द्यावासा वाटतो. कालव्यावरचा पाटकरी तुम्ही पाहिला असेल. शेवटच्या शेताला पाणी पुरते की नाही यावर त्याची नजर असते. पाणी कमी आले की तो वर निरोप धाडतो, “पाणी वाढवा!” प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत, आणि गाळणीत शिरणाऱ्या धमनिकेच्या भिंतीत असे पाटकरी बसलेले आहेत. दाणेदार पेशी त्या. मूळच्या स्नायूच्या, पण आता स्राव करणाऱ्या. घेंट येथील गोर्माख्तिख यांनी १९३९ मध्येच त्यांच्याकडे बोट दाखवले होते. हे पाटकरी तीन गोष्टी पाहतात. धमनिकेतला दाब कमी झाला का? गाळणीची नळी वळसा घेऊन परत त्यांच्याच शेजारी येते, तिच्यातले मीठ कमी झाले का? आणि मज्जातंतूंकडून तातडीचा हुकूम आला का? यांपैकी काही घडले की रेनिन सुटते. आणि दुसरा अँजिओटेन्सिन पुरेसा झाला की तो स्वतःच या पेशींना आवरतो, “पुरे आता!” हा लगाम महत्त्वाचा. गोल्डब्लाटच्या चिमट्याने काय केले होते ते आता उमगते. कालवा तुडुंब भरला होता, पण चिमट्याने पाटच दाबून धरलेला. बिचारा पाटकरी आपल्या शेतापुरते पाहून ओरडत राहिला.

मिठाचा धागा दुसऱ्याच बाजूने हाती आला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी असते. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी, बासेलच्या राइखश्टाइन यांच्या मंडळींबरोबर, १९५३ मध्ये तिच्यातून एक अत्यंत प्रभावी संप्रेरक शुद्ध स्वरूपात काढले. ते मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला लावते. त्याचे नाव आल्डोस्टेरॉन. सिम्प्सनबाई पुढे टेटबाई झाल्या. पण या ग्रंथीला हुकूम कोणाचा? सगळ्यांना वाटे, इतर ग्रंथींप्रमाणे मेंदूखालच्या पिच्युटरीचा. अमेरिकेत जेम्स डेव्हिस यांनी कुत्र्याची पिच्युटरी काढून टाकली. रक्त कमी केल्यावर आल्डोस्टेरॉन तरीही वाढले. मूत्रपिंडेही काढली, तेव्हा ते वाढेना. त्याच सुमारास, १९६० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये लाराघ यांनी आणि माँट्रियलमध्ये जेने यांनी माणसांना अँजिओटेन्सिन देऊन पाहिले, आणि आल्डोस्टेरॉन वाढले. हुकूम मूत्रपिंडाचाच होता. ग्रंथी डोक्यावर बसलेली, पण आज्ञा खालच्याची!

याची उलट खूण अॅन आर्बर येथील जेरोम कॉन यांनी दाखवली. त्यांनी १९५४ मध्ये एक रोगी स्त्री तपासली होती. तिच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ होती आणि ती कोणाचा हुकूम नसताना आल्डोस्टेरॉन ओतत होती. गाठ काढल्यावर दाब उतरला. अशा रोग्यांच्या रक्तात रेनिन फार कमी असते हे १९६४ मध्ये स्पष्ट झाले. मीठ आणि पाणी भरपूर साठलेले, मग पाटकरी कशाला ओरडेल? आजही दाब औषधांना दाद देत नसेल तर डॉक्टर ही दोन्ही द्रव्ये बरोबर मोजतात. एकटे एक मोजून काही कळत नाही.

दोन कड्या छाटणारे ते विकर मात्र कोठे काम करते याचा पत्ता १९६७ पर्यंत चुकीचाच होता. सर्वांना वाटे रक्तरसात. लंडनमध्ये एन्ग आणि जॉन व्हेन यांनी दाखवले की, ही छाटणी मुख्यतः फुफ्फुसांतून रक्त जाताना होते. श्वासाचे इंद्रिय दाबाच्या कारभारात! त्याच वेळी ब्राझीलहून सेर्जिओ फेरेइरा तेथे आला होता. त्याच्या देशात जराराका नावाचा विषारी साप आहे, तो चावला की माणसाचा दाब घसरतो. त्या विषाच्या अभ्यासातून रोशा-ए-सिल्वा आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये ब्रॅडिकायनिन हे वाहिन्या सैल करणारे द्रव्य शोधले होते. विषात असेही काही अंश आहेत की जे ब्रॅडिकायनिनचा नाश होऊ देत नाहीत, हे १९६५ मध्ये फेरेइराला दिसले. व्हेन यांच्या प्रयोगशाळेत वाय. एस. बखले यांनी (आडनाव मराठी कानाला किती ओळखीचे!) कुत्र्याच्या फुफ्फुसांच्या अर्कावर हे अंश घालून पाहिले. १९६८ मध्ये त्यांनी छापले की, अँजिओटेन्सिनची छाटणी थांबते. सापाच्या विषाने साखळीची कडी तोडली होती.

पुढचे काम न्यू जर्सीतील स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंदेत्ती यांनी केले. विषातला नऊ कड्यांचा अंश दाब उतरवी, पण तो फक्त टोचून देता येई. गोळी करायची तर लहान रेणू हवा. विकराच्या खाचेत काय बसेल याचा हिशेब करून त्यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल तयार केले. अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आरंभी मात्रा फार मोठी दिली जाई, अंगावर पुरळ येई, तोंडाची चव जाई. मात्रा कमी केल्यावर ते निभावले. आज ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या घरोघरी आहेत. तुमच्या ओळखीच्या कोणाला त्यामुळे कोरडा खोकला लागला असेल तर त्याचेही कारण ऐका. अँजिओटेन्सिन घडवणारे आणि ब्रॅडिकायनिन मोडणारे विकर एकच आहे. एक काम अडवले की दुसरेही अडते, आणि न मोडलेले ब्रॅडिकायनिन घशात खाजवते.

आता ज्या हृदयावर आपण आरंभी संशय घेतला, त्याचेही ऐकले पाहिजे. मूळच्या अर्जेंटिनाच्या अदोल्फो दे बोल्ड यांनी कॅनडात, १९८१ मध्ये, उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. टिगरश्टेटच्या प्रयोगाचे हे जुळे भावंडच म्हणा ना! पण परिणाम उलटा: लघवीवाटे भराभर मीठ आणि पाणी गेले, दाब उतरला. हृदय ताणले गेले की ते स्वतः एक संप्रेरक सोडते, आणि ते रेनिन व आल्डोस्टेरॉन दोहोंनाही आवरते. पाटकऱ्याच्या हाकेला वरून उत्तर येत होते, ते ऐकायला आपल्याला त्र्याऐंशी वर्षे लागली.

या जातीचे दुसरे एक संप्रेरक जपानी संशोधकांना १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत मिळाले, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला. पुढे आढळले की माणसात तेही मुख्यतः हृदयातूनच येते. दम लागलेल्या रोग्याचे हृदय थकले आहे का हे पाहण्यासाठी इस्पितळात आज त्याचीच तपासणी करतात, आणि कागदावर अजून बी.एन.पी. लिहितात. त्यातला ‘बी’ इंग्रजीतल्या मेंदूचाच. हे नाव बदलायला मात्र अद्याप कोणी दोघे एकत्र बसलेले नाहीत.